दुर्गापूजेला नागपूरहून कोलकाता: सोळा जणांचा ग्रुप, बहुतेक साठीच्या पुढचे. कसं करावं?

प्रतापनगरची

नमस्कार मंडळी. आमच्या प्रतापनगरच्या भजनी मंडळातल्या बायका आणि काहींचे यजमान, असे सोळा जण यंदा नवरात्रात कोलकात्याला जायचं म्हणतो आहोत. कितीतरी वर्षं नुसतं टीव्हीवर बघतोय. सगळ्यात लहान मी, 51 ची. सगळ्यात मोठ्या काकू 76 च्या. दोघींचे गुडघे बदललेले आहेत, एका काकांना शुगर आहे.

इथल्या एका टूर कंपनीने कार्यक्रम दिलाय तो असा: तीन रात्री, चार दिवस. सप्तमीच्या एकाच रात्रीत एसी बसने चाळीस पंडाल. दुसऱ्या दिवशी दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, व्हिक्टोरिया आणि हावडा ब्रिज. मला वाचूनच धाप लागली. पण बाकीच्यांचं म्हणणं की कंपनीला अनुभव असतो, आपण कशाला डोकं लावायचं.

अडचणी खऱ्या सांगते. चौघींचे नऊ दिवसांचे उपास आहेत. तिघींच्या घरी घट बसतात, त्या म्हणतात आम्ही यायचं तरी कसं. सहा जण मासे खाणारे, त्यांना बंगालमध्ये जाऊन वरणभात नको. आणि आमच्यात दोघी अशा आहेत ज्यांचे यजमान गेलेत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तिथे देवीच्या पूजेत आम्हाला मागे तर उभं करणार नाहीत ना? त्यांना मला नीट उत्तर द्यायचंय.

ज्यांनी पूजा जवळून पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

बीएनआर_मोतीबाग

ताई, मी रेल्वेतून निवृत्त. नोकरीची बरीच वर्षं कोलकात्याला गार्डन रीचमध्ये गेली. दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय तिथे आहे. आता मोतीबागेजवळ राहतो. जुन्या लोकांना आठवत असेल, ही सगळी आधी बंगाल नागपूर रेल्वे होती, 1887 पासूनची. नागपूर आणि बंगाल ही दोन नावं एकाच पाटीवर होती. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा लांबेल, वाचून घ्या.

पहिलं म्हणजे तो चाळीस पंडालांचा कार्यक्रम घेऊ नका. कंपनी चांगली की वाईट हा मुद्दाच नाही, त्या रात्री बस तिथे पोचतच नाही. पूजेच्या मुख्य दिवसांत दुपारनंतर मोठ्या पंडालांच्या आसपासचे रस्ते पोलीस गाड्यांना बंद करतात किंवा एकेरी करतात. बस कुठेतरी लांब उभी राहते. तिथून बांबूच्या कठड्यांमधून चालत जायचं, रांगेत उभं राहायचं, देवीसमोर क्षणभर थांबलं की स्वयंसेवक "एगिये चलून" म्हणत पुढे काढतात, आणि बाहेर पडतो तो तिसऱ्याच गल्लीत. परत बसपर्यंत चाल. 76 वर्षांच्या काकूंना हे एका पंडालाला जमेल, फार तर दोनाला. 2015 साली देशप्रिय पार्कात 88 फुटांची मूर्ती उभी केली होती. लोक इतके लोटले की पंचमीलाच दर्शन बंद करावं लागलं. गर्दीचा अंदाज त्यावरून करा.

मग काय करायचं? दिवस बदला आणि वेळ बदला. पूजा षष्ठीपासून दशमीपर्यंत असली तरी बरेचसे मोठे पंडाल आता दोन-तीन दिवस आधीच उघडतात. तृतीया-चतुर्थीला पोचा. चतुर्थी आणि पंचमीला दिवसा, संध्याकाळ व्हायच्या आत, दक्षिणेकडचे मोठे पंडाल बघून टाका: गरियाहाटचं एकडालिया एव्हरग्रीन, देशप्रिय पार्क, त्याच्या जवळचं त्रिधारा, चेतला अग्रणी. सगळे नकोत. दोन सकाळी, दोन दुपारी जेवणानंतर. आणि सप्तमीपासून पुढे मोठ्या नावांचा नाद सोडायचा, जे काय फिरायचं ते पहाटे सहा ते नऊ. रात्रभर फिरून लोक घरी झोपलेले असतात, रस्ते धुतलेले असतात, ढाकी, म्हणजे ढाक हा मोठा ढोल वाजवणारे लोक, पंडालातच सतरंजीवर पडलेले असतात आणि देवीसमोर तुम्ही हवं तितकं उभं राहू शकता. ज्यांना मूर्तीचे डोळे बघायचेत त्यांनी सकाळीच बघावे.

उत्तरेसाठी एक सकाळ पूर्ण ठेवा. मेट्रोने शोभाबाजार सुतानुटी स्टेशनला उतरायचं. तिथून शोभाबाजार राजबाडी जवळ आहे. राजा नवकृष्ण देव यांनी 1757 मध्ये, प्लासीची लढाई झाली त्याच वर्षी, तिथे पूजा सुरू केली असं सांगतात. खांबांचा ठाकुरदालान म्हणजे पूजेचा दालान, मधे मोकळा चौक, आणि त्या घरातली माणसं स्वतः पूजेच्या धावपळीत असतात. मग कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. लक्षात घ्या, पूजेच्या दिवसांत तिथे दुर्गेच्या मूर्ती उरलेल्या नसतात, सगळ्या आपापल्या पंडालात गेलेल्या असतात. पण बांबू, पेंढा आणि गंगेच्या मातीचे अर्धवट सांगाडे दिसतात, कारण लगेच कोजागिरीला लक्ष्मी आणि दिवाळीला काली यायची असते. मला वैयक्तिकरीत्या पूर्ण रंगवलेल्या मूर्तीपेक्षा ते पेंढ्याचे हात जास्त बघावेसे वाटतात. मग रिक्षा करून बागबाजार. तिथली मूर्ती जुन्या पद्धतीची, एकाच मखरात देवी आणि चारही मुलं, पांढऱ्या शोलेचा (पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याचा) आणि चांदीसारख्या पत्र्याचा साज. बागबाजारला कुठली "थीम" नसते. आमच्या काकू-आत्या पिढीला हीच मूर्ती आवडते असा माझा अनुभव आहे.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. ताई, पूजा ही बघत फिरायची गोष्ट नाही, बसायची आहे. तुमच्या मुक्कामाच्या गल्लीत एक तरी छोटं मंडळ असतंच. त्याला पाड्याची पूजा म्हणतात, म्हणजे मोहल्ल्याची. पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी तिथे जायचं, कार्यकर्त्यांना सांगायचं की आम्ही नागपूरहून आलो आहोत, अष्टमीला अंजली द्यायची आहे. बस. त्यानंतर तुम्ही त्यांचे पाहुणे. प्लास्टिकच्या खुर्च्या पुढे येतात, चहा येतो, कुणीतरी हिंदीतून सांगायला लागतं की आमची ही पूजा कधी सुरू झाली. अष्टमीच्या सकाळी उपाशीपोटी ओळीत उभं राहायचं, हातात फुलं देतात, पुरोहित मंत्र सांगतात तो मागून म्हणायचा आणि फुलं देवीकडे टाकायची. असं तीनदा. हीच अंजली. कुणाला भाषा येते की नाही, जात कोणती, नवरा आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. तुमच्या त्या दोघींना माझ्याकडून सांगा की पहिल्या ओळीत उभं राहा.

आणि संधिपूजा चुकवू नका. अष्टमीची शेवटची 24 मिनिटं आणि नवमीची पहिली 24 मिनिटं, अशी 48 मिनिटांची ही पूजा असते. याच संधीला देवीने चामुंडा होऊन चंड-मुंडांना मारलं अशी श्रद्धा आहे. 108 दिवे, 108 कमळं. तिथीवर अवलंबून असल्याने वेळ दरवर्षी वेगळी, कधी भरदुपारी, कधी मध्यरात्री, कधी पहाटे. मंडळाच्या फलकावर लिहिलेली असते, ती आधीच बघून त्या दिवसाचं बाकी सगळं त्याप्रमाणे बसवा. दिवे पाड्यातल्या बायका लावतात. एक लावायला सुरुवात करते आणि मग दहा हात पुढे येतात. तुमच्या बायकांनीही हात लावावा, कुणी नाही म्हणणार नाही, फक्त आधी विचारा. मग ढाक सुरू होतो. हे ढाकी वर्धमान, बांकुडा, मुर्शिदाबाद इकडच्या खेड्यांतून येतात, पूजेच्या आधी सियालदह स्टेशनच्या बाहेर ढाक वाजवत काम मिळायची वाट बघत उभे असतात. त्यांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा भाग या चार-पाच दिवसांचा. म्हणून निघताना सगळ्यांनी मिळून ढाकीच्या हातात काहीतरी ठेवा. युनेस्कोने 2021 मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या लोकांचा वाटा फार मोठा आहे.

भजनी मंडळ आहात म्हणून आणखी एक. तिथे देवी ही माहेरी आलेली मुलगी आहे. आपल्या विदर्भात भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, त्यांचं जेवण होतं आणि निरोप देताना बायकांचे डोळे भरतात, अगदी तसंच त्यांचं दशमीला होतं. देवीच्या तोंडाला संदेश म्हणजे छेन्याची मिठाई लावतात, पान लावून गाल पुसतात, कानात "पुढच्या वर्षी ये" म्हणतात. तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

शहर बघायचं ते चतुर्थी-पंचमीत उरका. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद असतात, आणि सणात आणखी सुट्ट्या असतात, त्यांची वेबसाइट बघून जा. दक्षिणेश्वर (राणी रासमणींनी बांधलेलं, 1855 चं) आणि बेलूर मठ एका सकाळी होतात, मधे बोट आहे, गंगेतून जायला सगळ्यांना आवडेल. पण बेलूरला अष्टमीला जायचं असेल तर विचार करून ठरवा. विवेकानंदांनी 1901 मध्ये तिथे दुर्गापूजा सुरू केली, तेव्हापासून कुमारीपूजेची परंपरा आहे आणि ती बघायला प्रचंड लोक येतात. तुमच्या ग्रुपला मी पंचमीला पाठवीन.

राहायला मेट्रोच्या उत्तर-दक्षिण मार्गाजवळ बघा. जतीन दास पार्क किंवा कालीघाट स्टेशनचा भाग बरा, तिथून सगळीकडे जाता येतं. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, मराठी मंडळींचं. खोल्या मोजक्या, त्यामुळे आजच चौकशी करा. हॉटेल घेतलं तर लिफ्ट आहे का आणि ती रात्री चालू असते का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्या. कमोडची चौकशी त्याच फोनमध्ये.

पंचवटी_नाइट

काकांनी छान लिहिलंय, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. मी कोलकात्यात आयटीत होतो. पूजा म्हणजे रात्र. चंदननगरच्या कारागिरांची रोषणाई दिवसा बघून काय कळणार? अख्ख्या गल्लीवर दिव्यांचे चालते-बोलते देखावे असतात, लहान मुलं खांद्यावर, नवीन कपडे, रोल आणि फुचका म्हणजे पाणीपुरीच्या गाड्या, मॅडॉक्स स्क्वेअरच्या गवतावर मध्यरात्री गोल करून बसलेली पोरं-पोरी. श्रीभूमी मंडळाने 2021 मध्ये बुर्ज खलिफा उभा केला होता, तो दिवसा नुसता सांगाडा आणि रात्री डोळे दिपवणारा. सोळाच्या सोळा जणांना दुपारी फिरवून रात्री नऊला झोपवू नका. 51 वर्षांच्या ताईला रात्र का नाकारायची?

मेट्रो पूजेच्या मुख्य रात्रींना पहाटेपर्यंत चालते. त्या दिवसांत सकाळी मात्र ती उशिरा सुरू होते, तेवढं त्या वर्षीचं वेळापत्रक बघून घ्या. कोलकाता पोलीस दरवर्षी पूजेचा नकाशा काढतात, कुठून आत कुठून बाहेर, सगळं त्यात असतं. तो फोनमध्ये ठेवा.

बीएनआर_मोतीबाग

बरोबर आहे तुमचं, रोषणाई रात्रीचीच. मग असं करा ताई, ग्रुपचे दोन भाग. ज्यांना चालवतं त्या सात-आठ जणांनी पंचमीची रात्र घ्यावी, एकच भाग निवडावा, मेट्रोने जावं आणि मेट्रोनेच परत. पंचमीला गर्दी असते पण सप्तमीसारखी छातीवर येत नाही. बाकीच्यांनी पाड्याच्या मंडपात बसावं, तिथे रात्री गाणी, नाटुकली, धुनुची नाच (हातात पेटत्या धुपाची भांडी घेऊन) असतो, तोही रात्रीचाच आहे. सोळा जणांनी सतत एकत्र राहायचं हा हट्ट मात्र नको. बरोबर राहण्याच्या नादात सगळ्यात हळू चालणाऱ्याला अपराधी वाटतं आणि सगळ्यात जोरात चालणारा चिडतो. प्रवासात भांडणं तिथूनच लागतात. सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण एकत्र, मधे मोकळीक.

आणि सकाळी मेट्रो उशिरा, हे यांनी सांगितलं ते महत्त्वाचं. सप्तमीनंतरच्या पहाटेच्या फेऱ्या टॅक्सीने किंवा जवळच्या जवळ चालत करा. उत्तरेची सकाळ म्हणूनच पंचमी-षष्ठीच्या आत बसवा.

धंतोलीची_वहिनी

खाणं आणि घट यावर मी लिहिते. आमचं लग्नानंतरचं घर धंतोलीत, शेजार बंगाली, त्यांच्या पूजेत मी दरवर्षी असते. माझी नणंद कोलकात्याला दिलेली.

उपासवाल्यांनी आधीच समजून घ्यावं की तिथे नऊ दिवसांचा उपास हा प्रकार बंगाली घरांत नाही. त्यांच्यासाठी हा खाण्याचा सण आहे. अष्टमीला अंजली होईपर्यंत पोटात काही घालत नाहीत, मग बऱ्याच घरी लुची, आलूर दम, छोलार डाळ असं शाकाहारी, आणि नवमीला मटण. त्यात राग मानायचं काही नाही. पण कोलकात्यात मारवाडी, गुजराती, बिहारी लोक भरपूर आहेत आणि ते नवरात्र पाळतात. बडाबाजार आणि भवानीपूर भागात उपासाचं पीठ, साबुदाणा, सैंधव मीठ मिळतं, फळं आणि दूध तर कुठेही. तरी इथून घेऊन जा: भाजलेल्या दाण्याचा कूट, राजगिऱ्याचे लाडू, भगर, एक विजेची किटली आणि झाकणाचा डबा. शुगरवाल्या काकांच्या खिशात सतत काहीतरी खायला असू द्या, रांगेत जेवणाची वेळ टळते. आणि मिठाईच्या दुकानात त्यांच्याबरोबर कुणीतरी थांबा, कारण मिष्टी दोई म्हणजे गोड दही समोर आलं की माणसाला भान राहत नाही. नोलेन गुडाचा, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाचा, संदेश मागू नका, तो गूळ हिवाळ्यातला, आश्विनात खरा मिळत नाही.

मंडपातला भोग नक्की घ्या, ज्यांचा उपास नाही त्यांनी. मुगाची खिचडी, लाबडा म्हणून मिसळ भाजी, वांग्याची भजी, टोमॅटोची गोड चटणी, पायेश. कांदा-लसूण नसतो. पाड्याच्या मंडळात त्यासाठी कूपन किंवा वर्गणी असते, आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. मासे खाणाऱ्यांना एक सांगते, रोज हॉटेलात खाल्लं तर पोट बिघडेल, मोहरीच्या तेलाची आपल्याला सवय नसते. दुपारी मासे, रात्री साधं.

घटाचं प्रत्येकीने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवावं. आमच्याकडे सासूबाई असेपर्यंत घर सोडायचं नाही असंच होतं. आता माझ्या ओळखीत दोघी-तिघी जावेकडे किंवा सुनेकडे माळ आणि अखंड दिव्याची जबाबदारी देऊन जातात, कुणी उठता-बसता उपास करतात. पण ज्या बाईचं मन घरच्या दिव्यात अडकून राहणार आहे तिला आग्रह करून नेऊ नका. ती तिथे देवीसमोर उभी राहून इथलं तेल संपलं का याची काळजी करत बसेल. तिला पुढच्या वर्षी डिसेंबरात न्या, शहर तेव्हाही सुंदर असतं, पार्क स्ट्रीटवर नाताळची रोषणाई असते.

त्या दोघींबद्दल. अंजलीचं काकांनी सांगितलं, ते अगदी खरं आहे. दशमीचा सिंदूर खेला, म्हणजे बायकांनी एकमेकींना कुंकू लावायचा खेळ, मात्र परंपरेने सवाष्णींचा. अलीकडे काही मंडळं सगळ्या बायकांना मुद्दाम बोलावतात, सगळीच नाही. म्हणून दशमीच्या सकाळी त्या दोघींना एकटं हॉटेलवर ठेवू नका. माझ्या नणंदेच्या पाड्यात अशा वेळी मी बघितलंय, तिथल्या एका आजींनी विधवा शेजारणीला स्वतः हाताला धरून आणलं आणि गालाला कुंकू लावलं. कुणी काही बोललं नाही. तुमच्या बायकांचा निर्णय तुमच्या मंडळाचा आहे ताई, तुम्ही लावणार असाल तर त्यांना लावा. आणि त्यांना नको असेल तर तेही ऐका.

जायच्या आधी अजून एक करता येईल. सगळ्यांनी आमच्या धंतोलीच्या बंगाली मंडळींकडे एकदा जाऊन या, पूजा काय काय असते ते विचारून घ्या. लोक आनंदाने सांगतात. धोतर नेसून ढाक ऐकत वाढलेली नागपूरची बंगाली माणसं आपल्याइतकंच अस्सल मराठी बोलतात.

महालकर

वाचत होतो, एक जोडावंसं वाटलं. मी महालात राहतो, भोसल्यांच्या वाड्यापासून जवळच. नागपूरच्या माणसाने कोलकात्याला जाताना एवढं तरी माहीत करून जावं. 1742 मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. पावसाळा काटोव्याजवळ काढला आणि तिथेच गंगेकाठी त्यांनी दुर्गापूजा मांडली. पूजा पुरी व्हायच्या आत बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने नदी ओलांडून छापा घातला आणि मराठ्यांना ती टाकून निघावं लागलं. दोन वर्षांनी भास्करपंतांना वाटाघाटीला बोलावून मारलं. 1751 च्या तहापर्यंत स्वाऱ्या चालूच राहिल्या.

कलकत्त्यात इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी आपल्या भीतीने खंदक खणला, तोच मराठा डिच. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला, आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. तुम्ही बागबाजारला जाल तेव्हा त्या खंदकाच्या उत्तर टोकाजवळ असाल.

मी हे अभिमानाने मिरवायला सांगत नाही. गावंच्या गावं जळाली, माणसं देशोधडीला लागली, आणि बंगाली आया मुलांना झोपवताना अजून बर्गींचं नाव घेतात. बर्गी म्हणजे आपण. नागपूरचे आहोत म्हटल्यावर एखादे आजोबा हा विषय काढतील. तेव्हा "आम्ही जिंकलो होतो" असं म्हणू नका. त्यांचं ऐकून घ्या. आणि त्यांना काटोव्याच्या त्या अर्धवट राहिलेल्या पूजेबद्दल विचारा, बहुतेकांना ती गोष्ट माहीत असते. माझ्या वडिलांची इच्छा होती की आपल्यापैकी कुणीतरी तिथे जाऊन अंजली द्यावी. तुम्ही देणार आहात तर एक फूल आमच्या घरातर्फे द्या.

प्रतापनगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंदिराच्या ओट्यावर बसून मी हे सगळं सर्वांना वाचून दाखवलं. कंपनीला नकार कळवला. तृतीयेला पोचायचं, एकादशीनंतर निघायचं असं ठरतंय. घटवाल्या तिघींपैकी एकीची सून दिवा सांभाळते म्हणाली, दुसरीच्या जाऊबाई बघणार आहेत, तिसरी येत नाही आणि आम्ही तिला आग्रह केला नाही. त्या दोघींना अंजलीचं वाचून दाखवलं तेव्हा एकीने तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. महालकर दादा, तुमचं फूल माझ्याकडे लागलं.

पंधरा जणांची तिकिटं कशी काढायची तेवढं काका सांगाल का? आणि परतीचं. दसऱ्याला नागपूर स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते.

बीएनआर_मोतीबाग

सांगतो. गीतांजली तुमच्यासाठी सोयीची, संध्याकाळी नागपूरहून बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. मेल, आझाद हिंद, दुरंतो याही आहेत. अंतर साधारण 1130 किलोमीटर, रात्र झोपेत जाते.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून. पूर्वीचे 120 दिवस डोक्यात धरून बसू नका आणि 60 वा दिवस चुकवू नका, सकाळी आठला तयार राहा. एका तिकिटावर सहाच जण बसतात. पण सगळी तिकिटं सहा-सहाची काढली तर वरचे-मधले बर्थ येतील. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा आहे, 60 च्या पुढचे पुरुष आणि 45 च्या पुढच्या बायका, पण तो एकट्याला किंवा दोघांनाच मिळतो. म्हणून गुडघेवाल्या दोघींचं एक तिकीट, 76 च्या काकू आणि आणखी एकीचं एक, अशी जोड्यांची वेगळी काढा, बाकीच्यांची सहाची. डबे वेगवेगळे आले तर हरकत नाही, गाडीत टीसींना विनंती केली की लोक बदलून देतात. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका.

परतीचं जाण्यापेक्षा अवघड. पूजा संपली की अर्धा बंगाल फिरायला निघतो, हावड्याहून सुटणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. आणि इकडे अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परतत असतात. म्हणून दसऱ्यानंतर तीन दिवस सोडून नागपूरला पोचा. परतीचं तिकीट ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी काढा, जाण्याचं मिळालं म्हणून निर्धास्त बसू नका. दशमीला निघायचंच नाही, विसर्जनाने हावडा पूल आणि घाटांकडचे रस्ते अडलेले असतात.

हावड्याला उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत पंधरा जण उभं राहण्यापेक्षा मेट्रो. स्टेशनलाच मेट्रो आहे, लिफ्टने खाली जायचं, गाडी हुगळीच्या खालून एस्प्लनेडला जाते. तिथे उत्तर-दक्षिण मार्ग पकडून जतीन दास पार्क. मोठ्या बॅगा मात्र नकोत, प्रत्येकाने स्वतः उचलता येईल तेवढंच. छत्री हवी, आश्विनातही तिथे पाऊस येतो, आणि घाम आपल्या नागपूरच्या उन्हापेक्षा जास्त येतो. प्रत्येकाच्या पर्समध्ये मुक्कामाचा पत्ता बंगालीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा, हॉटेलवाल्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. शौचालयाचं बायका संकोचाने बोलत नाहीत आणि दिवसभर पाणी पीत नाहीत, तसं होऊ देऊ नका. दर दोन तासांनी कुठे थांबायचं ते निघण्यापूर्वीच ठरवा.

तिकिटं निघाली की इथे कळवा. मग त्या वर्षीची संधिपूजेची वेळ बघून दिवसवार आखून देतो.